वारसितीच्या चवळीचा मांडव

डब्यात बिया निघाल्या अकरा. पाक दार्सोनोंनी त्या दोनदा मोजल्या, कारण छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेला माणूस एकदा मोजून थांबत नाही. बिस्किटांचा जुना डबा, त्यात वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडीवर त्यांच्या बायकोच्या, वारसितीच्या हातचं बारीक अक्षर: ‘जांभळी. आईकडची. खाऊ नका.’ शेवटची सूचना कुणासाठी होती ते सांगायला नको. घरात खाणारा एकच होता.

ही हातभर लांब, जांभळट चवळी वारसितीने माहेराहून, थेट वोनोसोबोच्या डोंगरातून आणली होती. वीस वर्षं ती दरसाल लावायची, दरसाल चार शेंगा वेलावरच वाळवायची आणि बी डब्यात टाकायची. बाजारात तसली चवळी मिळत नाही. मग वारसिती गेली. दोन वर्षं डबा फळीवर आणि पाक दार्सोनो आरामखुर्चीत. दोघांपैकी कुणी जागचं हललं नाही. शेवटी समोरच्या बू एंदांग (इथे डेपोकमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणायचं, बाईला बू) एकदा गल्लीतूनच ओरडल्या, "अहो पाक, चवळीचं बी दोन वर्षांपलीकडे धरवत नाही हं! यंदा लावलीत तर लावलीत, नाहीतर सरळ उकडून खा."

खाऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे लावणं आलं.

उगवल्या सात. अकरातल्या सात म्हणजे शेकडा चौसष्ट. एखाद्या दुकानदाराने शेकडा चौसष्ट माल दिला असता तर पाक दार्सोनोंनी त्याचा तराजू जप्त करून वर त्याला भाषण दिलं असतं. इथे मात्र ते वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि ती सात हिरवी डोकी बघून त्यांना रडू आलं. चष्मा पुसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि आणखी थोडं रडून घेतलं. ह्या सातांतून बी धरलं नाही तर वारसितीची चवळी जगातून संपली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आता वाफा कुठे होता हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या जागेमुळे घडलं. घराची भिंत आणि गल्लीचं गटार यांच्यामध्ये, फाटकाला लागून, दोन हात रुंद मातीची पट्टी होती. जागा सरकारची, माती वारसितीची. ती दरवर्षी तिथे बांबूचा मांडव उभा करायची. सकाळी चहा टाकायच्या आधी सुरू करायची आणि चहा व्हायच्या आत मांडव उभा. वीस वर्षं त्या मांडवाला वळसा घालून पाक दार्सोनो कचेरीत गेले, पण तो उभा कसा राहतो हे त्यांनी एकदाही थांबून बघितलं नव्हतं. आता ते आठवायला बसले तेव्हा त्यांना फक्त चहा आठवला.

म्हणून त्यांनी नकाशा काढला. पट्टी, पेन्सिल, कोनमापक. सव्वादोन मीटर उंची, साठ अंशांचा कोन, प्रत्येक वेलाला स्वतंत्र काठी. नकाशा इतका सुबक झाला की त्यांनी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

"काठ्या सरळ रोवायच्या असतात," बू एंदांग पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. फाटकाच्या आत मात्र नाही. गेली दोन वर्षं त्या फाटकाबाहेरूनच बोलायच्या. "तिरक्या काय? चवळी काय घसरगुंडी खेळणार आहे?"

कुणी म्हणालं जाळी लावा. कुणी म्हणालं सुतळी नको, वेल कापला जातो. एकाने तर आपल्या मेव्हण्याच्या लोखंडी मांडवाचा फोटो टाकला, त्याच्यावर चवळी कुठेच नव्हती, मेव्हणाच उभा होता. बू एंदांगच्या कोंबडीने काही सल्ला दिला नाही. ती आली, एक रोप खाल्लं आणि गेली. राहिली सहा.

तेवढ्यात आले गल्लीप्रमुख पाक मुखलिस. माणूस वाईट नाही, पण खिशात शिक्का आणि कानावर पेन असल्याशिवाय हा घराबाहेर पडत नसे. त्यांनी नकाशा पाहिला, वाफा पाहिला आणि घसा साफ केला.

"पाक, एक सांगू का? बी पेरलं ती शेती. बांबू रोवला की ते बांधकाम."

"अहो, चवळी आहे ती!"

"चवळी आहे हो, पण सव्वादोन मीटर आहे. सरकारी जागेवर. उद्या कुणाच्या टाळक्यात पडला तर? वॉर्ड कचेरीतून एक कागद आणा म्हणजे झालं. मला काही नाही. पण तुमच्यासारख्या नियमाच्या माणसाने..."

तिथे दुसरा कुणी असता तर हसून बांबू रोवून मोकळा झाला असता. वारसिती तर ह्या मुखलिसला दोन शेंगा देऊन वाटेला लावायची. पण ‘नियमाचा माणूस’ म्हटलं की पाक दार्सोनोंचा कणा आपोआप ताठ व्हायचा. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून, सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती घेऊन वॉर्ड कचेरीत हजर.

खिडकीशी एक तरुण मुलगी होती, निळा रुमाल डोक्याला, बोलायला गोड. "तात्पुरतं बांधकाम," तिने वाचलं. "हेतू?"

"चवळी."

"चवळी यादीत नाही, पाक. लग्नाचा मांडव आहे, सभेचा मंच आहे, जाहिरातीचा फलक आहे."

"मग फलक लिहा."

"कशाची जाहिरात?"

"चवळीची," पाक दार्सोनो म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समजलं की खिडकीच्या अलीकडे उभं राहिलं की माणूस कसा दिसतो.

मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिने फलक लिहिलं, क्रमांक टाकला आणि संगणकात डोकावली. "तुमच्या कुटुंबपत्रिकेत दोन नावं आहेत. घरालगतच्या जागेसाठी दोघांची सही लागते. बाईंना घेऊन या ना."

आता खरं म्हणजे काय अवघड होतं? इस्पितळाचा कागद घरी, कपाटाच्या वरच्या खणात, पाकिटात होता. तो आणून दिला असता तर त्या मुलीने एका ओळीवर एक रेघ मारली असती. असल्या रेघा पाक दार्सोनोंनी शेकडो दुकानांच्या परवान्यांवर मारलेल्या. पण दोन वर्षं ते पाकीट खणातून निघालं नव्हतं. सरकारी कागदात ती अजून घरी होती. तेवढ्या एकाच ठिकाणी होती.

"ती बाहेर गेलीये," ते म्हणाले.

"कधीपर्यंत येतील?"

"सांगून नाही गेली."

"बरं, मग आल्या की या. अर्ज मी बाजूला काढून ठेवते."

दोन ग्रॅम कमी भरले म्हणून ज्याने दुकानं बंद केली, तो माणूस सरकारी खिडकीशी उभा राहून धडधडीत खोटं बोलला. त्याला लाज वाटली नाही. फक्त बसमधून उतरायचा थांबा निघून गेला तरी ते बसूनच राहिले, आणि मग दोन थांबे उलट चालत आले.

घरी येऊन बघतात तर वेलांचे शेंडे हवेत चाचपडत होते. आधार सापडेना म्हणून दोन वेल एकमेकांनाच धरून बसले होते. पाक दार्सोनोंनी ते बघितलं, शर्ट काढून खुंटीला लावला आणि ठरवलं की खड्ड्यात गेला परवाना. सदुसष्टाव्या वर्षी, पहिला गुन्हा.

बांबू मिळायचा तो ओढ्याकाठी हाजी रोजालींकडे. हाजींचं वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र पाजळलेली. ते बांबूच्या बेटाच्या सावलीत बाजेवर बसलेले होते.

"कोण रे? चपला घासत चालतोस म्हणजे सरकारी माणूस."

"दार्सोनो, हाजीसाहेब. तीन बांबू हवेत."

"आज? कोंब फुटलेत दिसत नाही? आंधळा मी का तू? बेट लेकुरवाळं असताना तोडायचं नसतं. आज तोडलेला बांबू भुंगा महिन्याभरात पीठ करून टाकतो."

"चवळीला तीन महिने पुरला तरी बास."

"आणि तुला?"

हाजी खदाखदा हसले आणि त्यांना ठसका लागला. ठसका ओसरल्यावर म्हणाले, "बाजारात जुडीने मिळते चवळी. कशाला एवढा आटापिटा?"

"वारसितीची आहे. बी तेवढंच राहिलंय."

हाजी काठी टेकत उठले, चाचपत बेटापाशी गेले, एका बांबूवर तळवा ठेवून काहीतरी पुटपुटले. "सांगितलंय त्याला," ते म्हणाले. "घे. आणि लांब घे, तिला उंच लागायचे. दरसाल यायची बिचारी. डोक्यावरून न्यायची दोन-दोन. तू कधी आला नाहीस."

"कचेरी असायची," पाक दार्सोनो म्हणाले, आणि ते किती फुसकं आहे हे बोलतानाच त्यांना कळलं.

बांबू निघाले सहा-सहा मीटरचे. हाजींची हातगाडी निघाली दोन मीटरची. उरलेले चार मीटर मागे लोंबत. अशा बोजाला मागे भडक कापड बांधावं असा नियम आहे, आणि परवान्याचा नियम मोडलेल्या माणसाने निदान हा तरी पाळायला नको का? पाक दार्सोनो तयारीचे. येतानाच त्यांनी वारसितीच्या स्वयंपाकघरातल्या खणातून एक फडकं खिशात घातलं होतं, जुन्या पडद्यातून तिने कापलेलं, हळदीसारखं पिवळंधमक. ते त्यांनी बांबूच्या टोकाला घट्ट बांधलं. हाजींना दिसायचा प्रश्नच नव्हता.

भर दुपारी एक किलोमीटर गाडी ओढत ते घरी आले. गाडी फाटकातून जाईना. बांबू उतरवताना एक हातून निसटला आणि वाफ्यात आडवा झाला. राहिली पाच रोपं. पाक दार्सोनोंच्या कमरेत अशी कळ आली की त्यांनी उरलेले दोन बांबू कसेबसे फाटकाच्या खांबाला उभे टेकवले, फडकं वरच्या टोकाला तसंच फडफडत राहिलं, आणि ते भिंत धरत आत गेले. कडी लावली. कानातलं यंत्र काढून ठेवलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाठीसाठी चटईवर अगदी सरळ पडले, हात छातीवर, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर पांढरा रुमाल. आणि त्यांना गाढ झोप लागली.

आता तुम्ही म्हणाल, दारात उभा बांबू, त्याच्या टोकाला पिवळं कापड! डेपोकमधल्या शेंबड्या पोराला विचारा, ज्या घरी मयत त्या घरापुढे पिवळं निशाण लागतं. तीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं हो. पण डोक्यात बोजाचा नियम होता, कमरेत कळ होती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या घरापुढे ते निशाण कधी लागलंच नव्हतं. वारसिती गेली ती साथीच्या जुलैत. इस्पितळातूनच परस्पर नेली. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं, चेहरे झाकलेले. पाक दार्सोनोंना लांब रस्त्यावर उभं राहून बघायला सांगितलं. घरी आले तर गल्लीत चिटपाखरू नाही. निशाण नाही, खुर्च्या नाहीत, सात संध्याकाळच्या प्रार्थना नाहीत. फाटकाला फक्त पिशव्या लटकलेल्या, आत भात आणि गार झालेली भाजी. कोण ठेवून गेलं तेही दिसलं नाही. मुलगी रेत्नो बालिकपापानला, आणि विमानं बंद.

तर तीन वाजता बू एंदांग दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आल्या आणि त्यांना निशाण दिसलं. त्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. त्या धावत पाक मुखलिसांकडे गेल्या. मुखलिस स्टूल घेऊन आले, खिडकीला लावलं, चढले आणि गजांतून पाहिलं.

"सरळ पडलेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हात छातीवर. तोंडावर रुमाल."

"अगंबाई! रुमाल कुणी घातला?"

"निशाण लावलं त्यानेच घातला असणार."

"आणि निशाण कुणी लावलं?"

"मशिदीतून लावलं असेल."

मशिदीतल्या लोकांनी निशाण पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं गल्लीप्रमुखांनी लावलं. अशा रीतीने प्रत्येकाने दुसऱ्यावर विश्वास ठेवला आणि पाक दार्सोनो अगदी रीतसर वारले. दार फोडायला मात्र मुखलिस तयार होईनात. दोन साक्षीदार आणि एक सुतार असल्याशिवाय दार फोडणं नियमात बसत नाही म्हणाले. सुतार येईपर्यंत बाकीची कामं उरकली. गल्लीच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, ताडपत्री आली, बू एंदांगच्या घरी पाच किलो भात चढला, मुखलिसांनी रेत्नोला फोन लावला, आणि मशिदीच्या भोंग्यावरून घोषणा झाली.

आता यंत्राशिवाय पाक दार्सोनोंना समोरच्याचे ओठ बघून काय ते कळायचं. कानात शिरणारी जगातली एकच गोष्ट म्हणजे तो भोंगा.

"आपण सारे अल्लाहचेच, आणि त्याच्याकडेच परतणार," भोंगा म्हणाला. "आपल्या गल्लीतले पाक दार्सोनो, वजनमापे खात्यातले माजी कारकून, वय वर्षं एक्काहत्तर, यांचं आज निधन झालं."

चटईवर पाक दार्सोनोंनी डोळे उघडले. रुमालाखाली सगळं पांढरं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, बरं झालं, आता ती भेटेल. खरंच वाटलं तसं, आणि त्यांना बरंही वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला: कारकून? एक्काहत्तर?

सुताराने दाराला पटाशी लावली आणि दार आतून उघडलं.

कुणीतरी किंचाळलं. दोन बायका एकमेकींना धरून मटकन खाली बसल्या. पाक मुखलिस स्टुलावर होते, ते तिथेच राहिले. पाक दार्सोनोंना मात्र ह्यांतलं काही दिसत नव्हतं. त्यांना वाफ्यावर ओळीने मांडलेल्या लाल खुर्च्या दिसत होत्या.

"खुर्च्या उचला!" ते ओरडले. "वाफ्यावरच्या खुर्च्या आधी उचला!"

मेलेल्या माणसाने पहिल्यांदा काय बोलावं याचा काही रिवाज नाही, पण लोकांनी निमूटपणे खुर्च्या उचलल्या. दोन रोपं पायांखाली चिरडली होती. राहिली तीन.

"पाक," मुखलिस स्टुलावरून चाचरत म्हणाले, "तुम्ही... आहात?"

"सदुसष्ट!" पाक दार्सोनो म्हणाले. "एक्काहत्तर नाही. आणि निरीक्षक, कारकून नव्हे!" मग ते तीन रोपांपाशी खाली बसले आणि त्यांच्याभोवतीची माती सारखी करू लागले.

बू एंदांग भाताचं पळीसकट भांडं हातात घेऊन रस्ता ओलांडून आल्या. डोळे सुजलेले. "असं करतात का हो?" त्या रडतरडत भांडायला लागल्या. "पाच किलो भात टाकलाय मी! इतकी रडले की मीठ दोनदा पडलं! कमाल आहे बाई तुमची! निशाण लावून झोपायचं?"

"ते निशाण नाही. बोजाचं फडकं आहे."

मुखलिसांच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी हमसाहमशी रडत होतं. त्यांनी तो घाईघाईने पुढे केला. पाक दार्सोनोंना यंत्राशिवाय काही ऐकू येईना, म्हणून फोनचा आवाज मोठा करावा लागला आणि सगळ्या गल्लीने ऐकलं.

"रेत्नो, अगं मी. काही झालं नाही. चूक झाली."

रेत्नो म्हणाली, "बाबा, मी विमानतळाच्या वाटेवर आहे."

"मग परत फीर. मी आहे अजून."

"नाही. आईच्या वेळी मला नुसता मेसेज आला होता. येता आलं नव्हतं. आता निघालेय तर येते."

हळूहळू माणसं ओशाळं हसत खुर्च्या एकात एक घालायला लागली. मुखलिसांनी स्टूल उचललं, फाटकाच्या खांबाशी नेलं आणि फडकं सोडायला हात वर केला.

"राहू द्या ते," पाक दार्सोनो म्हणाले.

"पण पाक, मयत नाही तर निशाण कसं ठेवणार? लोकांचा गैरसमज..."

"आहे मयत."

"कोण?"

"वारसिती," ते म्हणाले. "तिला लावलं नव्हतं."

बू एंदांगनी भाताचं भांडं उराशी धरलं.

"पिशव्या मी लटकवायचे," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत यायचे, आणि पळायचे. घरात म्हातारी सासू होती हो, भीती वाटायची. वारसितीने माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं घर सांभाळलं, आणि मी तिला बघायला फाटक ओलांडलं नाही. दोन वर्षं तुमच्या दारात पाय टाकायला तोंड नव्हतं मला." आणि त्या भांड्यासकट फाटकाच्या आत आल्या आणि पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडल्या.

मुखलिस स्टुलावरून उतरले. "मी नुसतं यादीत नाव लिहिलं होतं," ते म्हणाले. "त्या आठवड्यात नऊ लिहिली." त्यांनी कानावरचं पेन काढून खिशात घातलं.

मयताला म्हणून हाजी रोजाली काठी टेकत येऊन पोचले होते. त्यांना सगळं सांगावं लागलं. ऐकून त्यांनी खुर्ची मागितली.

"मग बसा की सगळे," ते म्हणाले. "निशाण आहे, भात आहे, माणसं आहेत. एवढं जमून आलेलं कोण मोडतं? उशीर झाला तर झाला. तिला काय घाई आहे आता?"

लाल खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या, ह्या खेपेला गटाराच्या पलीकडे. पाक दार्सोनो आत जाऊन कानातलं यंत्र घालून आले. हाजींनी प्रार्थना सुरू केली आणि गल्ली त्यांच्यामागून म्हणू लागली. वारसितीचं नाव आलं तेव्हा पाक दार्सोनो रडले. इकडेतिकडे न बघता, चष्मा न पुसता, लहान मूल रडतं तसे रडले. दोन वर्षं त्यांच्या पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता. आता इतके हात आले की दुखऱ्या कमरेवर एक पडला आणि ते ओरडले, त्यावर रडतारडता सगळे हसले.

भात खारट झाला होता. सगळा संपला.

जेवणं झाल्यावर हाजी म्हणाले, "आता तो बांबू उभा करा. नुसता टेकवून ठेवायला दिला नव्हता." बाप्ये उठले. लगेच वाद: सरळ की तिरका? मेव्हण्याचा फोटो पुन्हा निघाला. मुखलिसांनी स्वतःच्या हाताने सरकारी जागेत पहिला खड्डा खणला आणि ‘हे मी पाहिलं नाही’ असं जाहीर केलं. तीन वेलांसाठी एवढा मोठा मांडव झाला की खाली लग्न लागलं असतं. एका बाजूने तो चांगला वीतभर कलला होता. पाक दार्सोनोंच्या खिशात सपाटी बघायचं यंत्र होतं. त्यांनी ते बाहेर काढलं नाही. बू एंदांगनी पिवळ्या फडक्याच्या चिंध्या केल्या आणि तिन्ही शेंडे अलगद बांबूला बांधले. "अशीच बांधायची ती," त्या म्हणाल्या. पाक दार्सोनोंनी ह्या वेळी नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेत्नो आली. फाटकापाशी बॅग टाकून आधी मांडवाखाली उभी राहिली, मग आत गेली.

तीन महिन्यांनी, भुंग्याने बांबूचं पीठ करायला सुरुवात केली होती तेव्हा, वेलांवरच्या वाळलेल्या शेंगांतून त्रेचाळीस बिया निघाल्या. पुडीवर काही नवीन लिहायची गरज पडली नाही. त्याच आठवड्यात पाक दार्सोनो इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्ड कचेरीत गेले. खिडकीशी तीच निळ्या रुमालाची मुलगी.

"या पाक! तुमचा फलकाचा अर्ज ठेवलाय मी. बाई आल्या का?"

"नाही," ते म्हणाले. "नाही यायची ती." आणि त्यांनी खणातलं पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

मुलीने कागद वाचला. तारीख वाचली. पुन्हा वर त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुसरा एक अर्ज काढून दिला. पाक दार्सोनोंनी तो भरला: नाव, जन्मगाव, दिवस, वेळ. शेवटी एक रकाना होता, ‘नोंदणीस विलंब झाल्याचे कारण’.

"तिथे काहीही लिहा," मुलगी हळूच म्हणाली. "विसरलो लिहिलंत तरी चालतं. सगळे तेच लिहितात, कुणी वाचत नाही."

पण आयुष्यात कुठल्या रकान्यात काहीही लिहिणारा तो माणूस नव्हता. मागे रांग चुळबुळायला लागली तरी त्यांनी वेळ घेतला. मग चष्मा पुसला आणि परवान्यांवर छत्तीस वर्षं चाललेल्या त्याच सुबक अक्षरात लिहिलं: ‘माणसं यायची राहिली होती.’